भाकरी उठली, तिच्या जागी बसलं कोण?

आमच्या गल्लीत सध्या भाकरीवर बहिष्कार आहे. जळगावच्या मेहरूण तलावाला पहाटे फेऱ्या मारणाऱ्या मंडळींनी आधी साखर सोडली, मग भात सोडला आणि आता ज्वारीच्या भाकरीलाही दाराबाहेर उभं केलंय. साखर सुटली तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही. भाताचं आम्हा खान्देशी माणसांना तसं फार कौतुक नाहीच. पण भाकरी? कळण्याची भाकरी, वर कच्चं तेल आणि ठेचा, हा ज्या घरांचा शिरस्ता, तिथं भाकरी बंद म्हणजे अर्धी चूलच बंद. त्यामुळे दिवाळी आटोपून थंडी पडायला लागली, तरी बायकांच्या तोंडी हाच विषय आहे.

आमची बैठक कुंपणावर भरते. तारेच्या जाळीवर गिलक्याचा वेल चढलाय. मूळ माझ्या अंगणात, पण गिलकी लागतात ती निम्म्याहून जास्त शेजारच्या वैनींच्या बाजूला. त्यामुळे वाटणी रोज होते आणि वाटणीबरोबर बातम्याही.

"बाई, ऐकलं का? काल आमच्याकडे पुन्हा मटण झालं."

"काल कुठं रविवार होता?"

"आता वार राहिलाय कुठं! ह्यांचा साखरेचा रिपोर्ट आला तेव्हापासून घरात कार्ब बंद. तलावावर कुणीतरी कानात सांगितलं, भाकरी सोडा, मटण हवं तेवढं हाणा, साखर वाढतच नाही. झालं! भाकरीचं टोपलं पालथं घातलं आणि पातेलं मोठं काढलं. जळगावची माणसं सकाळी उठून सोन्याचा भाव बघतात म्हणे, आमचे हे मटणाचा बघतात."

"आणि भाजी?"

"भाजी म्हणजे कांदा आणि लिंबाची फोड."

वैनींच्या नवऱ्याचं, म्हणजे भाऊंचं, सगळंच चुकलं असं मात्र म्हणता यायचं नाही. मटणात, कोंबडीत, मासळीत पिठूळ पदार्थ जवळपास नसतातच, अंड्यातही नावाला. एका भाकरीला पन्नासेक ग्रॅम पीठ लागतं आणि त्यातले पस्तीस ग्रॅम तरी कार्बोहायड्रेट असतात. भाऊ एका बसणीला तीन भाकऱ्या मोडणारे. म्हणजे शंभराच्या वर ग्रॅम एका जेवणात, आणि तेही वरचा भात न धरता. ते बंद झाल्यावर साखर उतरणारच. उतरलीही.

"आणि वजन?" मी विचारलं.

"पहिल्याच आठवड्यात उतरलं की! पँट ढिली झाली म्हणून गल्लीभर सांगत फिरले."

"ते पहिलं वजन चरबीचं नसतं हो. आपल्या यकृतात नि स्नायूंत साखरेचा साठा असतो, ग्लायकोजेन म्हणतात त्याला. त्याच्या एका ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं. भाकरी बंद झाली की साठा संपतो आणि पाणी निघून जातं. चरबी पुढे, सावकाश जाते."

"हे त्यांना सांगू नका, बाई. चार दिवस खुशीत आहेत बिचारे." मग वैनींनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पण एक सांगू का? सकाळी फार वेळ लागतो त्यांना. पोटच साफ होत नाही. इसबगोलची डबी आणलीय, कपाटात कपड्यांमागे दडवलीय. आणि जवळ आले की तोंडाला कसलातरी वास."

वास कीटोनचा. पिठूळ अन्न फारच कमी झालं की शरीर चरबी जाळायला घेतं, त्यातून तो येतो. पोटाचं कारण आणखी सरळ आहे: मटणात चोथा शून्य. भाकरीतून निदान थोडा तंतू पोटात जात होता. भाकरी उठली, तिच्याबरोबर तोही गेला आणि त्याच्या जागी कुणी आलंच नाही. मटण काही नवं नव्हतं, ते आधीही ताटात होतं. आता त्यानं शेजारची जागाही बळकावली. खरं तर ती जागा भाजीची.

"म्हणजे किती भाजी?" वैनींनी लगेच हिशेबाला हात घातला.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं भारतीय माणसासाठी दिवसभराचं ताट आखून दिलंय. दोन हजार कॅलरींच्या त्या ताटात भाज्या 400 ग्रॅम आहेत आणि त्यातल्या 100 ग्रॅम पालेभाज्या. कार्ब कमी न करणाऱ्या साध्या माणसाचं हे माप. भाकरी कमी करणाऱ्यानं तर याच्या खाली येऊच नये.

"चारशे ग्रॅम? एकट्याला? माय वं! म्हणजे आमच्या चौघांना दीड किलोच्या वर. आणि मेथीचं काय सांगू तुम्हाला! एवढी थोरली जुडी निवडायची, धुवायची, चिरायची, कढईत टाकली की वाटीभर उरते. ती वाटी चौघांत वाटायची?"

यावर माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. तेवढ्यात पलीकडच्या ओट्यावरून नानी उठून आल्या. नानांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. मुक्ताईची वारी कधी चुकत नाही, घरात अंडंसुद्धा येत नाही. तरी मटणाचा विषय निघाला की नानींचे कान इकडेच.

"तुमचं मटणाचं जमलं बाप्पा. आम्ही माळकऱ्यांनी काय खायचं? आमच्या नानांनाही साखर निघालीय. मी म्हटलं, भाकरी कमी करा, वरण पोटभर खा."

"नानी, वरणातही पिठूळ अंश असतोच. तुरीच्या 100 ग्रॅम कोरड्या डाळीत 20-22 ग्रॅम प्रथिनं असतात हे खरं, पण पन्नासाच्या वर ग्रॅम कार्बोहायड्रेटही असतात. तेव्हा डाळ वाढवायची तर भाकरी त्या मानानं कमी करायला हवी. तुमची वरण-बट्टी म्हणजे गव्हावर डाळ आणि डाळीवर तूप."

"वरण-बट्टीला नावं ठेवू नको, पोरी. लग्नाच्या पंगतीला काय कोबी वाढायचा?"

वरण-बट्टीला नावं ठेवण्याची माझी काय टाप! लग्नात खावी, घोटलेल्या वांग्याच्या भाजीबरोबर खावी. रोजच्या ताटाचं गणित मात्र वेगळं. माळकरी घरात प्रथिनांची जागा मोड आलेली मटकी, मूग, दही, ताक, पनीर, सोयाबीन आणि मूठभर शेंगदाणे मिळून भरू शकतात. शेंगदाणे खान्देशात तसेही भाजीत पडतातच. आपल्या आज्या-पणज्यांनी कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर उडीद दळायला घेतले, त्यात चवीइतकंच पोषणाचंही शहाणपण होतं. निव्वळ ज्वारीपेक्षा त्या पिठात प्रथिनं जास्त. एकच खायची तर ती कळण्याची खावी.

"ज्वारीची भाकरी मधुमेहाला चालते असं सगळेच म्हणतात की," वैनी म्हणाल्या. "बाजरी, नाचणी, सगळं चालतं म्हणे."

इथं मला 2025 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाची आठवण झाली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पैशातून, चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशननं देशभरातल्या राज्यांत घरोघर जाऊन तो केला. याच पाहणीनं 2023 साली आपल्या देशात मधुमेही 10 कोटींच्या वर असल्याचं सांगितलं होतं. आहाराबद्दल तिनं सांगितलं ते असं: भारतीय माणसाच्या दिवसभराच्या ऊर्जेतली 62 टक्के कार्बोहायड्रेटमधून येते आणि प्रथिनांतून जेमतेम 12 टक्के. मैदा किंवा पांढऱ्या तांदळाऐवजी गव्हाचं नाहीतर भरडधान्याचं पीठ आणलं, पण एकूण माप तेवढंच ठेवलं, तर धोक्यात फरक दिसला नाही. माप थोडं कमी करून ती जागा डाळी-कडधान्यं आणि दूध-दही यांतल्या प्रथिनांना दिली, तर धोका कमी दिसला. आणि हीच जागा लाल मांसाच्या प्रथिनांना दिली, तेव्हा तो फायदा दिसला नाही.

"म्हणजे नानांचं ताट ह्यांच्या ताटापेक्षा बरं?" वैनींना हे पचायला जड गेलं.

"बघ! मी म्हणत नव्हते?" नानींनी पदर खोचला.

"नानी, तुमची एकादशी मात्र यात बसत नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ. नानांना वऱ्याचे तांदूळ, साबुदाण्याची खिचडी आणि वर बटाट्याचा कीस दिला की द्वादशीला साखर मोजून बघा."

नानी गप्प झाल्या. अशा त्या क्वचितच होतात.

मटणाचं हे खूळ तलावावर जन्मलेलं नाही. 1863 साली लंडनमधल्या विल्यम बँटिंगनं एक छोटी पुस्तिका छापली. गृहस्थाचा धंदा अंत्ययात्रेची व्यवस्था लावण्याचा, आणि स्वतःच्या देहाचा भार असा की जिना उतरायचा तर उलटं तोंड करून. डॉक्टर हार्वींनी त्याला पाव, साखर, बिअर आणि बटाटा सोडायला सांगितलं. तो मांस-मासळी खात राहिला आणि सडपातळ झाला. पुस्तिका इतकी खपली की इंग्रज माणसं वजन उतरवण्याच्या उद्योगालाच बँटिंग म्हणू लागली. गंमत अशी की बँटिंगच्या दुपारच्या जेवणात बटाटा सोडून बाकी भाजी होती. ती लंडनहून मेहरूणला येईपर्यंत वाटेतच कुठंतरी गळाली आणि नुसतं मटण पोचलं.

"आमच्या समोरचे काका बघा," वैनी म्हणाल्या. "ते दीक्षित डॉक्टरांचं करतात. दोनदा जेवण, तेही घड्याळ लावून 55 मिनिटांत. मधे पाण्याशिवाय काही नाही."

"त्याबद्दल भांडण नको. दोनदा जेवा की तीनदा, प्रश्न ताटात काय आहे याचा. दोनदाच जेवायचं आणि दोन्ही वेळा शेवभाजी नि पाव, असं केलं तर डॉक्टरांचा काय दोष?"

शेवभाजीचं नाव काढलं आणि दोघींच्या तोंडाला पाणी सुटलं. खान्देशी माणूस भाजी खाल्ली म्हणून शपथेवर सांगतो तेव्हा बऱ्याचदा त्याच्या पोटात शेवभाजी असते, पाटोड्या असतात, डुबुक वडे असतात. तिन्हींत बेसन. चवीला पहिल्या नंबरची मंडळी, पण चारशे ग्रॅमच्या हिशेबात त्यांना धरता येत नाही. त्या हिशेबात येतात गिलकी, दोडकी, दुधी, भेंडी, गवार, कोबी, कारली, पावसाळ्यातली कटुर्ली, पोकळा, तांदुळजा, शेपू, अंबाडी, मेथी. बटाटा, रताळं, सुरण आणि मका हे भाजीवाल्याकडेच मिळत असले तरी ताटात त्यांना भाकरीच्या बाजूला बसवायचं.

आणि वांगं! आपल्या जिल्ह्याला आणखी काय हवं? जळगावच्या भरीत वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, केळीलाही त्याच साली. हिरवं, लांबट, पांढुरक्या रेघांचं ते वांगं थंडीतच खरं खुलतं. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर ते टाकलं की साल तडकते आणि आत धूर मुरतो. साल सोलली की गर नुसता लोण्यासारखा. भाजलेली हिरवी मिरची आणि लसूण ठेचून त्यात घालायचा, वरून कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप आणि तेलाची फोडणी. वांग्याच्या 100 ग्रॅम गरात कार्बोहायड्रेट पाच-सहा ग्रॅमच्या आसपास, चोथा चांगला. असं भरीत समोर असताना भाजी आवडत नाही म्हणणाऱ्या खान्देशी माणसाचं काय करावं?

"भरिताबरोबर पुऱ्या किती होतात ते सांगा की," नानी म्हणाल्या. त्या परत मैदानात उतरल्या होत्या. "शेतात भरीत पार्टी होते तेव्हा पुऱ्या मोजायला बसतं का कुणी?"

"मोजायच्या, नानी. आधी भरीत वाढून घ्यायचं, ताटाचा अर्धा भाग भरेल इतकं. मग पुरी. उलट केलं की भरीत तोंडी लावण्यापुरतं उरतं. आणि फोडणीचं तेल आपला हात बघून. तेलाच्या एका ग्रॅमात नऊ कॅलरी, पिठाच्या एका ग्रॅमात चार. भाकरी काढली आणि तर्री दुप्पट केली तर वजन कुठं जाणार?"

काळ्या मसाल्याच्या मटणाचंही तेच. भाजलेला कांदा, सुकं खोबरं, खडा मसाला, आणि वर बोटभर तर्री. मी वैनींना विचारलं, भाऊंना नेमकं काय आवडतं, मटणाचे तुकडे की रस्सा?

"रस्सा! तुकडे पोरांच्या ताटात सारतात आणि रस्सा वाटीनं पितात."

"मग रस्सा तोच ठेवा आणि आत माणसं बदला. आज त्या मसाल्यात वांगं, उद्या गिलकी, परवा उकडलेली अंडी. कधी खिम्यात मेथी निम्म्यानं घाला. मटण आठवड्यातून दोनदा करा. जागतिक कर्करोग संशोधन निधी म्हणतो, लाल मांस खायचंच तर शिजवलेलं, आठवड्याला 350 ते 500 ग्रॅमच्या आत. तेवढ्यात दोन-तीन जेवणं आरामात होतात. सॉसेज, सलामी ही मंडळी जवळजवळ नकोतच. मधल्या दिवसांना कोंबडी, मासे, अंडी, मटकी. साठ किलोच्या निरोगी माणसाला दिवसाला पन्नासेक ग्रॅम प्रथिनं पुरतात. दोन अंड्यांत बारा-तेरा, हाडाशिवायच्या शंभर ग्रॅम मटणात वीसेक, वाटीभर डाळीत सहा-सात. त्यासाठी रोज अर्धा किलो कशाला?"

वैनींनी मान डोलावली, पण त्यांच्या मनात काहीतरी घोळत होतं. "बाई, परवा एक झालं. कुणाला सांगितलं नाही. दुपारी ह्यांना घाम फुटला, हात थरथरायला लागले, काय बोलतात तेच कळेना. मला काही सुचेना. समोर केळ्याची फणी होती, एक केळं सोलून हातात दिलं. साखरेचं पाणी पाजलं. पंधरा-वीस मिनिटांत माणूस ताळ्यावर आला."

"गोळी कुठली चालू आहे?"

"ती जुनीच. जेवणाआधीची."

मला धस्स झालं. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन साखर खाली ओढतात. ताटात भाकरी असते तेव्हा त्यांचं माप बरोबर बसतं. भाकरी एकाएकी काढली आणि गोळी तेवढीच ठेवली, तर साखर नको तितकी खाली येते. ज्यांना डापाग्लिफ्लोझिनसारखी, लघवीवाटे साखर काढणारी गोळी चालू आहे, त्यांनी पिठूळ अन्न अगदीच तोडलं तर रक्तात कीटोन वाढून दवाखाना गाठायची वेळ येऊ शकते. आणि मूत्रपिंड आधीच अधू असेल तर मटणाचा मारा त्याला झेपत नाही, क्रिएटिनिन तपासल्याशिवाय हा खेळ मांडूच नये. तलावावरच्या सल्लागाराला यातलं काही विचारायची सोय नसते. तो पुढच्या फेरीला निघून गेलेला असतो.

"उद्याच डॉक्टरांकडे नेते," वैनी म्हणाल्या. "त्यांना सांगतेच, भाकरी बंद केलीय म्हणून."

"बंद नका करू. अर्धी ठेवा."

एवढं झाल्यावर वैनींनी मुद्द्याचं बोलून घेतलं. "तुमचं सगळं पटलं, बाई. पण एक सांगा. मटण कसायाकडून तुकडे होऊन येतं. धुतलं, मसाला परतला, कुकरला लावलं, झालं. भाजीला बाजारात जा, पिशवी ओढून आणा, निवडा, तीन पाण्यांतून धुवा, चिरा. दीड किलो भाजी म्हणजे माझी अख्खी सकाळ. भाकरी ह्यांनी सोडली, आणि काम कुणाचं वाढलं?"

घराघरातल्या ताटांतून भाजी का गळते, त्याचं कारण वैनींनी एका दमात सांगून टाकलं. पोषणाचं ज्ञान कमी म्हणून नव्हे, आवड नाही म्हणूनही नव्हे. भाजीला हात लागतात आणि ते एकाच माणसाचे असतात. मटणाचं कौतुक करणाऱ्यांना मेथीच्या जुडीशी बसायला सांगा, निम्म्यांचा उत्साह तिथंच मावळेल.

म्हणून आमच्या कुंपणावर ठरलं ते असं. ताटाचा अर्धा भाग भाजीचा, त्यात एक पालेभाजी आणि एक कच्चं काहीतरी, काकडी, मुळा, टोमॅटो, काहीही. पाव भाग मटण, कोंबडी, मासे किंवा अंडी, माळकऱ्यांकडे मोड आलेली कडधान्यं आणि दही. उरलेल्या पावात अर्धी भाकरी, शक्यतो कळण्याची. डोंगराएवढी भूक असेल तर भाजी परत घ्यावी, मटण नाही. श्रावणात मटण बंद होतं तेव्हा त्या पावात साबुदाणावडा घुसू द्यायचा नाही. गोळ्या चालू असतील तर भाकरीला हात लावण्याआधी डॉक्टरांना विचारायचं. मेहरूणची बोरं आली की मूठभर खावीत, ओंजळभर नव्हे.

आणि शेवटचं कलम नानींनी घातलं, एकमतानं मंजूर झालं: ज्यानं भाकरी सोडली, त्यानं संध्याकाळी पाटावर बसून मेथी निवडायची. ज्या घरात हे जमेल त्याच घरातल्या माणसानं कार्ब सोडल्याच्या गोष्टी तलावावर सांगाव्यात. बाकीच्यांनी मुकाट्यानं भाकरी खावी, निदान बायकोची सकाळ तरी वाचेल.